बूट कोणी निवडायचा?

टेबलावर बूट ठेवलेत याबद्दल आधी माफी मागतो. आपल्याकडं पायताण उंबऱ्याबाहेर काढायची रीत, आणि मी हे बरोबर सरस्वतीच्या फोटोसमोर मांडून ठेवलंय. पण आजचा विषयच तो आहे, त्यामुळं तुम्ही आणि सरस्वती दोघांनीही सांभाळून घ्या.

येडशीत बसून बर्फातल्या बुटांवर बोलणं म्हणजे थोडा आगाऊपणाच. आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटे एक शाल. पाय पोळतात ते उन्हानं. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणारी माणसं आपण दरवर्षी बघतो, त्यांतली कितीतरी अनवाणी असतात. आपल्या भागात अनवाणी पायाला एक मान आहे. तो मान मनात ठेवूनच मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि तिथंच माझी एक चूक झाली. त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची मुलगी आहे, जवळच्याच गावची. नाव सांगत नाही, तिला आवडणार नाही. गिर्यारोहणाचे प्राथमिक आणि प्रगत असे दोन्ही कोर्स केलेली पोर. सात हजार मीटरच्या वरच्या एका शिखराच्या मोहिमेत तिची निवड झाली. बाप शेतकरी. ती माझ्याकडं आली ती दुहेरी बुटांची अडचण घेऊन. नवे बूट लाखाच्या आसपास. आणि ओळखीतून एक जुनी जोडी बारा हजारांत मिळत होती. परदेशी, प्लास्टिकची, दिसायला कोरी करकरीत. कुणीतरी एकदाच वापरून माळ्यावर ठेवलेली. तिनं विचारलं, ‘‘सर, काय करू?’’ मी म्हणालो, ‘‘बाळ, एका वेळच्या वापरासाठी लाख रुपये कशाला? ही घे. पैसे मी देतो.’’ आणि वर तिला सॉक्रेटिसाची गोष्ट ऐकवली.

ती गोष्ट तुम्हालाही सांगायला हवी. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात अल्किबायडीज नावाचा तरुण सॉक्रेटिसाबद्दल बोलतो. पोटिडियाचा वेढा, इसवी सनापूर्वी ४३२च्या सुमाराचा. भयंकर गारठा पडलेला. सैनिक बाहेर पडत नव्हते, आणि पडलेच तर पायांना नमदा आणि मेंढीचं लोकरी कातडं गुंडाळून पडत होते. सॉक्रेटिस मात्र नेहमीच्याच कपड्यांत, अनवाणी, बर्फावरून चालला, आणि पायात घालणाऱ्यांपेक्षा सहज चालला. ही गोष्ट मी वर्गात तीस वर्षं सांगितली, आत्मसंयमाचा नमुना म्हणून. पण अल्किबायडीज पुढं एक वाक्य बोलतो, ते मी नेहमी घाईत ओलांडून जायचो. तो सांगतो की बाकीचे सैनिक त्याच्याकडं वाकड्या नजरेनं बघत होते. त्यांना वाटत होतं, हा आपल्याला कमी लेखतोय.

आता मला ते सैनिक जवळचे वाटतात. नमदा आणि वर लोकरी कातडं, म्हणजे थरावर थर. दुहेरी बुटाची कल्पना तीच. त्या सैनिकांना थंडी कळत होती, म्हणून त्यांनी पाय बांधले. त्यात संयमाचा काही प्रश्नच नव्हता.

तर बुटाचं पुढं काय झालं? मुलगी सराव म्हणून ते घालून पाठीवर ओझं घेऊन रामलिंगाच्या घाटात चढउतार करायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी उतरताना घोट्याजवळ ‘कट्’ असा आवाज आला आणि बुटाचं बाहेरचं कवच उभं चिरलं. तोच हा डावीकडचा. ती मला दाखवायला घेऊन आली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘सर, इथं तुटला म्हणून बरं.’’ त्या रात्री मला झोप लागली नाही. मग मी वाचायला घेतलं. चुकल्यावर वाचायला बसणं ही आमच्या पेशाची जुनी खोड आहे.

वाचताना पहिलाच थांबलो तो १९२४ सालात. एव्हरेस्टची ती ब्रिटिश मोहीम मॅलरी आणि आयर्विन यांच्यामुळं जगाला ठाऊक आहे. दोघं शिखराकडं गेले आणि परतले नाहीत. मॅलरीचा देह १ मे १९९९ रोजी सापडला, सव्वाआठ हजार मीटरच्या थोडं खाली. पायात खिळ्यांचा चामडी बूट. २०२४च्या सप्टेंबरात आयर्विनचा एक पाय बर्फात मिळाला, तोही बुटासकट. आत मोजा, आणि मोज्यावर शिवलेली नावाची पट्टी, ‘ए. सी. आयर्विन’. शंभर वर्षांनी माणसाची ओळख पटली ती बुटातून.

हे खिळ्यांचे बूट कसे असत? जाड चामड्याचा तळ आणि त्यात लोखंडी खिळे ठोकलेले. बर्फावर घसरू नये यासाठी उत्तम. पण लोखंड उष्णता पळवतं. हिवाळ्यात पहाटे लोखंडी कडीला आणि लाकडी दाराला हात लावून बघा. दोन्ही सारखेच गार असतात, तरी कडी जास्त गार लागते, कारण ती हाताची ऊब भराभर ओढून घेते. तळव्याखाली अशा वीस-पंचवीस कड्या घेऊन ही माणसं आठ हजार मीटरवर चालत होती.

पण मला थांबवलं ते मॅलरीनं नाही. त्याच मोहिमेत मानबहादूर नावाचा माणूस होता. काम मोच्याचं. मोहिमेतल्या लोकांचे बूट शिवायचे, दुरुस्त करायचे. मोहिमेच्या सुरुवातीलाच वादळ आलं, वरच्या तळांवर कडाका पडला, आणि मानबहादूरचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत गोठले. त्यातच तो गेला. मॅलरी आणि आयर्विनच्या आधी.

ज्यानं सगळ्यांचे बूट राखले, तो पाय गोठून मेला. यावर फार बोलायला मला धीर होत नाही. आपल्या गावागावांत ज्यांनी चामडं कमावलं आणि जोडे शिवले, त्यांच्याच पायांत जोडा नसायचा, हे माझ्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून मानबहादूर मला परका वाटत नाही. तिथून मला प्रश्न पडला की डोंगरावर कुणाच्या पायात काय घालायचं हे ठरवत कोण होतं?

पुढचं वर्ष १९५०. अन्नपूर्णा, माणसानं चढलेलं पहिलं आठ हजारी शिखर, तारीख ३ जून. मोरिस एर्झोग आणि लुई लाशनाल हे दोघे फ्रेंच. लाशनाल धंद्यानं गाइड, म्हणजे पाय हेच त्याचं पोट. चढताना त्याचे पाय बधिर व्हायला लागले, तेव्हा तो थांबून बूट काढून पाय चोळत होता. त्यानं एर्झोगला विचारलं, मी परत फिरलो तर तू काय करशील? एर्झोग म्हणाला, मी एकटा जाईन. मग लाशनालही गेला. दोघं शिखरावर पोचले, आणि दोघांच्याही पायांची बोटं गेली. एर्झोगच्या हातांचीही गेली. डॉक्टर उदो यांनी बोटं कापायचं काम परतीच्या वाटेवर चालू ठेवलं, अगदी भारतातल्या रेल्वेच्या डब्यातसुद्धा. एर्झोगचं पुस्तक जगभर खपलं. त्यात विजय फार मोठा दिसतो आणि लाशनालचा प्रश्न लहान. मला तो प्रश्न मोठा वाटतो. स्वतःच्या पायाची बातमी त्याला कळली होती. त्यानं ती सांगितलीही. पण निर्णय दुसऱ्याच्या इच्छेवर गेला.

आता १९५३. इथं जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण बुटांच्या बाबतीत हे वर्ष सगळ्यांत श्रीमंत आहे. ब्रिटिश मोहिमेनं या वेळी बूट हा अभ्यासाचा विषय केला. ग्रिफिथ प्यू नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. पायावरचं एक किलो वजन पाठीवरच्या चार-पाच किलोइतकं दमवतं, हा हिशोब त्यांनी मांडला. म्हणजे बूट गरम हवा आणि हलकाही हवा. केटरिंगच्या पादत्राण संशोधन संस्थेनं काही आठवड्यांत खास बूट तयार केले. मऊ पातळ चामड्याच्या दोन थरांमध्ये जवळजवळ इंचभर ऊबदार भरण. जोडीचं वजन साधारण दोन किलो. आणि ते भरण कशाचं? सावरीच्या कापसाचं! रामलिंगाच्या रानात काटेसावर फुलते ना, तिची चुलत बहीण पांढरी सावर. आपण उशा भरतो तो कापूस. त्याचा तंतू आतून पोकळ, वरून मेणचट. हवा धरून ठेवतो आणि सहसा भिजत नाही. ऊब म्हणजे शेवटी काय? कोंडलेली हवा. एव्हरेस्टवर हिलरीच्या पायाशी उशीचा कापूस होता, हे वाचून मी एकटाच हसलो.

पण २८ मेच्या रात्री काय झालं ते ऐका. साडेआठ हजार मीटरच्या आसपास, शेवटचा तळ, एक छोटा तंबू, आणि आत हिलरी नि तेनझिंग. हिलरीचे बूट ओलसर झाले होते म्हणून त्यांनी ते काढून ठेवले. सकाळी बघतात तर दगड. स्टोव्हच्या ज्वाळेवर धरून, चामडं करपल्याचा वास येईपर्यंत ते मऊ करावे लागले. जगातल्या सगळ्यांत महत्त्वाच्या सकाळी तास-दोन तास बूट भाजण्यात गेले.

तेनझिंग मात्र तयार होते. ते रात्रभर बूट घालूनच झोपले होते. आणि त्यांचे बूट ब्रिटिशांनी दिलेले नव्हते. आदल्या वर्षी स्विस मोहिमेत मिळालेले रेनडिअरच्या कातड्याचे बूट त्यांनी मुद्दाम पायात ठेवले होते. त्या १९५२च्या मोहिमेत रेमंड लँबेर यांच्याबरोबर ते जवळजवळ ८६०० मीटरपर्यंत गेले होते. लँबेरच्या पायांची सगळी बोटं पूर्वीच हिमदंशात गेलेली. वर्षभर आधी ज्यानं अशा माणसाच्या पावलावर पाऊल टाकत चढण केली, त्याला बुटाबद्दल आणखी कुणी काय शिकवणार?

प्लेटो ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात एक साधी गोष्ट सांगतो. बासरी चांगली की वाईट हे बनवणाऱ्याला ठाऊक नसतं, वाजवणाऱ्याला असतं. बनवणाऱ्यानं वाजवणाऱ्याचं ऐकायचं. हे वाक्य मी कैकदा शिकवलं आणि त्याचा अर्थ मला तेनझिंगच्या बुटात कळला, सत्तरी ओलांडल्यावर. केटरिंगचे शास्त्रज्ञ बनवणारे होते, फार हुशार. तेनझिंग वापरणारे होते.

हिलरीच्या त्या सकाळीच दुहेरी बुटाची गरज दडलेली आहे. पायाला घाम येतो, थंडीतसुद्धा. ती वाफ भरणात शिरते आणि रात्री गोठते. भरण बुटाला कायमचं शिवलेलं असेल तर ते वाळवणार कसं? म्हणून पुढं बुटाचे दोन भाग झाले. बाहेर टणक कवच, आत काढता येणारा मऊ बूट. रात्री आतला बूट काढायचा आणि स्लीपिंग बॅगेत उशाशी किंवा पोटाशी घेऊन झोपायचं. तुमच्या अंगाची ऊब त्याला वाळवते, सकाळी तो तुमच्या पायाला ऊब देतो. आधी हे चामड्यात झालं, मग १९८०च्या आसपास स्कीच्या बुटांवरून प्लास्टिकची कवचं आली. पाणी आत जात नाही, गोठत नाही, मोडत नाही, असा बोलबाला. ‘मोडत नाही’ हे तेवढं खरं नव्हतं. काही प्लास्टिकं वयानुसार ठिसूळ होतात. वापरा नाहीतर कपाटात ठेवा, वय थांबत नाही. बूट एकदाच वापरलाय, हे मी ज्याला गुण समजलो ते मुळात बिनकामाचं होतं. विचारायला हवं होतं तो कोणत्या साली बनलाय. नंतर प्लास्टिकही मागं पडलं. आता कृत्रिम धाग्यांचं कवच, आत फोमचा बूट, आणि आठ हजारांसाठी वर गुडघ्याखालपर्यंत शिवलेला गेटर. हा उजवीकडचा तसा आहे. एका गिर्यारोहक मित्रानं आजच्यापुरता दिलाय.

महाराष्ट्राचं काय? १९८८ साली वसंत वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली मराठी मुलांची मोहीम कांचनगंगेवर गेली. १८ मे १९९८ला सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, पहिले महाराष्ट्रीय. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली एव्हरेस्टवर गेले आणि २०१९मध्ये त्यांचेच दहा जण कांचनगंगेवर. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे बूट दुकानात बघून घेता येत नव्हते. सह्याद्रीत साध्या कॅनव्हासच्या बुटावर सुळके चढतात. आमचा डोंगर तापतो, गोठत नाही. म्हणजे वापरणाऱ्याचं जे ज्ञान प्लेटो म्हणतो, ते इथल्या मुलाला हिमालयात जाऊनच मिळवावं लागतं. तोपर्यंत त्याच्यासाठी दुसरं कुणीतरी निवडतं.

२०१८मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोचली. मोहिमेचं नाव ‘मिशन शौर्य’, आदिवासी विकास विभागाची. मनीषा धुर्वे, कवीदास काठमोडे, उमाकांत मडावी, प्रमेश आळे आणि विकास सोयाम. ही नावं आपल्या मुलांना पाठ असायला हवीत. मला त्यांच्या पायांचा विचार येतो. जो पाय लहानपणापासून अनवाणी किंवा चपलेत वाढतो तो पुढून रुंद होतो, बोटं सुटी होतात. आणि हे बूट बनतात युरोपातल्या फरम्यावर. जुने कारागीर फरम्याला कलबूत म्हणत. त्यावरच बुटाचा आकार ठरतो. अरुंद बुटात रुंद पाय कोंबला तर बोटं आवळली जातात, रक्त पोचत नाही, आणि तिथं हिमदंश बसतो. तिथं आधीच हवेत प्राणवायू आपल्या तिसऱ्या हिश्शाइतका. शरीर हातापायांचं रक्त आवरून छाती आणि डोकं सांभाळत असतं. बूट कितीही महाग असो, बोट हलत नसेल तर तो गार आहे.

आणि जवान? सियाचीनवर आपलं सैन्य १९८४च्या एप्रिलपासून आहे. आपल्या मराठवाड्यातली किती पोरं तिथं जाऊन येतात ते तुम्हाला मी सांगायला नको. कॅगचा एक अहवाल २०२०च्या फेब्रुवारीत संसदेत ठेवला गेला. त्यात नोंद आहे की नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बर्फाचे बूट खरेदीच झाले नाहीत आणि असलेलेच दुरुस्त करून पुन्हा वापरावे लागले. गिर्यारोहक निदान नाही म्हणू शकतो, हा बूट नको, मी जात नाही. जवानाला ते म्हणता येत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्यासाठी निवडणाऱ्यावर दुप्पट भार असतो. मी त्या पोरीसाठी निवडलं तेव्हा माझ्यावरही होता. मी पैसे देत होतो, म्हणून ती नाही म्हणू शकली नाही. हे तिनं मला नंतरही सांगितलं नाही. माझं मलाच कळलं.

आता ती परत निवडते आहे. या वेळी मी फक्त ऐकतो, आणि तिनं सांगितलेलं तुम्हाला सांगतो. बूट संध्याकाळी घालून बघायचा, दिवसभर चालून पाय सुजलेले असताना. डोंगरावर घालणार तेच मोजे घालून. आतला बूट बाहेर काढून एकदा नुसतं कवच घालायचं, पाय पुढं सरकवायचा आणि टाचेमागं बोटं किती मावतात ते बघायचं. मग सगळं घालून जिना उतरायचा, चढायचा नाही, उतरायचा! उतरताना अंगठा पुढं आपटत असेल तर वर नख जाणार, कदाचित बोटही. टाच मात्र उचलता कामा नये. जास्त ऊब हवी म्हणून दोन-तीन मोजे चढवणं हा घात आहे, कारण आवळलेला पाय गोठतो. क्रॅम्पॉन स्वतःचे नेऊन त्याच बुटावर चढवून बघायचे, बसतीलच असं धरून चालायचं नाही. आणि जाड हातमोजे घालून नाडी बांधता येते का ते पाहायचं. भाड्यानं घ्यायचा विचारही तिच्या मनात आहे. काठमांडूत मिळतात. पण तिथं पोचल्यावर, मोहिमेच्या आदल्या दिवशी, हाताला लागेल ते घ्यावं लागतं, हे तिला पसंत नाही. सहा हजारी शिखराला गेटर नसलेला साधा दुहेरी बूट पुरला असता. सात हजारांच्या वर रात्री निघायचं असेल, वारा असेल, तर ती वरचाच घेणार म्हणते. सरासरी दिवसासाठी बूट घ्यायचा नाही, सर, सगळ्यांत वाईट तासासाठी घ्यायचा, असं म्हणाली. मी वहीत लिहून घेतलं.

पैशांचं बघतोय आम्ही. गावातले काही जण पुढं आलेत. एक अट तिनंच घातली आहे, देणाऱ्यानं फक्त पैसे द्यायचे, बूट ती निवडणार. रविवारी पुण्याला जाऊन तीन जोड्या घालून बघणार आहे, आणि बाप सोबत जाणार आहे.

चला, आता हे दोन्ही बूट तुमच्यात फिरवतो. नव्याचा आतला बूट काढून बघा, त्यात हात घालून दोन मिनिटं ठेवा, म्हणजे मी मघापासून काय बोलतोय ते कळेल. डावीकडचा घेताना सांभाळून. चिरलेली कड धारदार आहे, माझं बोट कालच कापलं. आणि मागच्या बाकावरून कुणाचा तरी हात वर आहे. विचारा.